रकाना क्रमांक नऊ

परिपत्रक बावीस पानी होतं.
कुटुंब साक्षरता वर्ग : आईबाप आणि लेकरं एका सतरंजीवर.
सतरंजी मिळाली. दोन खडूपेट्या, एक तक्ता.
समाजमंदिरात पहिल्या तीन संध्याकाळी
मी आणि सतरंजी.

चौथ्या दिवशी सायकल काढली,
गेलो नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथारीवर.
आधी खोकला ऐकू आला, मग बायका दिसल्या,
तोंडाला पदर, बोटांना चिंध्या,
डेखं खुडत बसलेल्या त्या लालभडक उन्हात,
आणि त्यांच्या मांडीशी ती पोरं
जी शाळेच्या पटावर हजर होती.

लटकनबाई म्हणाली,
"दादा, पाटीले हात लावू कशी?
हाऊ हात मी डोयाले लावत नही,
आंडोरना गालले लावत नही."
बावीस पानं चाळली मनातल्या मनात.
त्यात हाताबद्दल काही नव्हतं.

मग ठरलं : पाचला काटा झाला की
पत्र्याच्या शेडमागे.
आधी गोडेतेल चोळायचं, मग राख, मग पाणी.
तेलाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

तक्त्यावर अ अननसाचा.
अननस कुणी बघितला नव्हता.
मीही एकदाच, एका लग्नात, डब्यातला.
तक्ता गुंडाळून ठेवला.

लटकनबाईचा हिलाल, वय सात,
त्यानं मूठभर डेखं उचलली
आणि जमिनीवर एक एक मांडत म्हणाला,
"हाऊ मिरचीना म."
आई समोर बसली होती. मान वाकडी करून बघत राहिली.
"माले उलटा दिसस."
मग उठली,
वळसा घालून
लेकाच्या शेजारी येऊन बसली.

वारा आला, म गेला.
दोघांनी पुन्हा मांडला.

असं रोज झालं नाही.
कधी माल ओला, कधी मालक तापलेला,
कधी सगळ्याच जणी हळदीला गेलेल्या.
हमाल भटू एकदाच आला, उभ्या उभ्या.
लेकीला म्हणाला, "मन्हं नाव बी डेखनं व्हई का?"
तिनं मांडलं. भ जरा पोटानं सुटला होता.
त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि गेला ट्रक भरायला.
परत आला नाही.
फोटो मात्र पथारीभर फिरला.

आणि उखाबाई. साठीची असेल, स्वतः म्हणते चाळीस.
ती एकच अक्षर शिकली. उ.
"बस व्हयनं," म्हणाली, "मन्हं एवढंच शे."
पुढचं नको, ख नको, काना नको.
पण उ तिनं सोडला नाही :
घमेल्यावर उ, चपलेच्या आतल्या बाजूला उ,
नातवाच्या दप्तरावर कोळशानं एवढा मोठा उ
की पोरगा दोन दिवस शाळेत जाईना.
तिसऱ्या दिवशी गेला.
वर्गात सगळ्यांना सांगितलं म्हणे, हे माझ्या आजीचं अक्षर आहे.

मार्चमध्ये अहवाल.
रकाना सात : घरात पुस्तकं किती?
"लाइटबिल धरू का?" लटकनबाईनं विचारलं. धरलं.
रकाना आठ : घरी कोण कोणाला शिकवतं?
जागा अर्ध्या ओळीची होती.
रकाना नऊ : साक्षर की निरक्षर, एकावर खूण करा.
उखाबाईसमोर माझं पेन थांबलं.
ती म्हणाली, "आन आठे, मी करस."
दोन्ही चौकटींवरून, रेघा ओलांडून,
तिनं काढला तो.

कचेरीनं कागद परत पाठवलाय,
उ भोवती लाल गोल, शेजारी प्रश्नचिन्ह,
खाली 'दुरुस्त करून सादर करावे'.

ड्रॉवरमध्ये आहे.
घडी उघडली की
अजूनही शिंक येते.